कोर्टाच्या दारातला टोल

दिवाणी कोर्टात दावा लावायचा तर आधी कोर्ट फी भरावी लागते, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना कळतं ते स्वतःवर वेळ आल्यावरच. तोवर कोर्ट म्हणजे तारखांवर तारखा एवढंच ज्ञान असतं, तेही सनी देओलच्या कृपेने. फी सहसा दाव्याच्या रकमेवर ठरते. रक्कम मोठी तर फी मोठी. महाराष्ट्रात तिला कमाल मर्यादा आहे, आणि २०१८ च्या जानेवारीपासून ती मर्यादा ३ लाखांवरून एकदम १० लाखांवर गेली.

आमच्या टीममध्ये यावरून एकदा जेवणाच्या टेबलावर चांगलीच जुंपली होती. आमच्या लीडचं म्हणणं अगदी सरळ होतं. "अरे, सर्व्हरवर लोड आला की आपण काय करतो? कपॅसिटी वाढवतो, आणि त्याचा खर्च वापरणाऱ्याकडून घेतो. तसंच करा ना. कोर्ट फी वाढवा, त्या पैशातून जज्ज नेमा, उरलेल्यातून गरिबांना वकील द्या. हाय काय अन् नाय काय!"

खरं सांगायचं तर ऐकायला हे फारच पटतं. आपल्याकडे तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या कोर्टांत ४ कोटींहून जास्त खटले पडून आहेत. लॉ कमिशनने १९८७ साली आपल्या १२० व्या अहवालात म्हटलं होतं की दर दहा लाख लोकांमागे साधारण १०.५ न्यायाधीश आहेत, ते पाच वर्षांत ५० करा. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोच ५० चा आकडा पुन्हा सांगितला. आज मंजूर पदं धरली तरी आपण साधारण २१ वर आहोत. म्हणजे जज्ज हवेत, पैसे हवेत. मग वापरणाऱ्याने द्यावेत, यात चूक काय?

ही कल्पना नवीन नाही. तिला सव्वादोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तो वाचल्यावर माझं मत जेवणाच्या टेबलावर होतं त्यापेक्षा बरंच पक्कं झालं. तर तो इतिहास आज थोडक्यात.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. मराठेशाहीत न्याय फुकट होता असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. वाद गोतसभेपुढे, पंचांपुढे चालायचा, साक्षीपुरावे व्हायचे, निवाडा व्हायचा, आणि मग सरकार दोन्हीकडून पैसे घ्यायचं. जिंकणाऱ्याने द्यायची ती 'हरकी', म्हणजे जिंकल्याच्या आनंदाची भेट म्हणा ना. हरणाऱ्याने द्यायची ती 'गुन्हेगारी'. सरकारला यातून उत्पन्न मिळायचं, त्यामुळे ही काही आदर्श पद्धत होती असं मी म्हणत नाही. पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. हा मुख्य भार निकाल लागल्यावर पडायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर ते पोस्टपेड कनेक्शन होतं.

इंग्रजांनी ते प्रीपेड केलं. म्हणजे लगेच नाही. लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९३ साली बंगालमध्ये नवी कोर्टव्यवस्था घालून दिली तेव्हा दावा दाखल करण्याची फी काढूनच टाकली होती. झालं काय, की दाव्यांचा ढीग लागला. मग दोनच वर्षांत, १७९५ च्या ३८ व्या रेग्युलेशनने फी परत आली. कारण काय दिलं? तर लोक उगाचच्या उगाच खोटे दावे लावतात, फी लावली की ते थांबतील. लक्षात घ्या, ढीग लागला म्हणून जज्ज वाढवले नाहीत, दाराशी टोलनाका बसवला.

या कारणाची सगळ्यात कडक चिरफाड केली ती मेकॉलेने. हो, तोच शिक्षणवाला मेकॉले, ज्याच्या नावाने आपण अजून बोटं मोडतो. १८३५ सालीच त्याने कोर्ट फीवर एक टिपण लिहिलं. त्याचा मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगतो. खोटा दावा माणूस कधी लावतो? जिंकण्याची आशा असेल तेव्हा. खोट्या दाव्यात जिंकण्याची आशा कधी वाटते? कायदे वाईट असतील किंवा न्यायाधीश वाईट असतील तेव्हा. मग उपाय काय, तर निकाल नीट द्या. फी लावल्याने कायदा सोपा होत नाही आणि मठ्ठ न्यायाधीश शहाणा होत नाही. फी भरू न शकणारा प्रामाणिक माणूस तेवढा परत जातो. फी न परवडणारा लबाडही परत जाईल म्हणा, पण पैसेवाल्या लबाडाला ती कशी अडवणार? फी माणसाचा खिसा बघते, दाव्याचा खरेपणा बघत नाही. आपल्या भाषेत, फिल्टर चुकीच्या कॉलमवर लावलाय.

कंपनी सरकारने, आणि नंतर राणीच्या सरकारने, हे फारसं मनावर घेतलं नाही. १८६७ च्या कायद्याने दर चढवले. त्याचा परिणाम असा झाला की तीनच वर्षांत सरकारला स्वतःच मान्य करावं लागलं की या दरांमुळे लोकांचे दावेच दाबले जातायत. म्हणून १८७० चा कोर्ट फीज ॲक्ट आला. दर खाली आले आणि दाव्यावरच्या फीला ३,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली गेली. आजच्या राज्याराज्यांच्या कोर्ट फी कायद्यांचा हा पूर्वज. आपला मुंबई कोर्ट फी कायदा १९५९ चा, पण सांगाडा तोच.

आता याच काळात आपल्या दख्खनमध्ये काय चाललं होतं बघा. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांसाठी पाठ केलेलं. पण शेतकऱ्यांनी जाळलं काय? मुख्यतः कागद. कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे! कारण सावकाराचं मुख्य हत्यार काठी नव्हतं, दिवाणी कोर्ट होतं. तो दावा लावायचा, शेतकरी तालुक्याच्या गावी जायचाच नाही, कारण पैसे नाहीत, वकील नाही, वाचता येत नाही. मग एकतर्फी हुकूमनामा, आणि त्यावर जमिनीची जप्ती.

इथे कोर्ट फीची गंमत बघा (गंमत कसली!). फी भरायचा सावकार. पण दावा जिंकला की खर्चासकट हुकूमनामा मिळतो, म्हणजे ती फी शेवटी शेतकऱ्याच्याच डोक्यावर. सावकारासाठी ती धंद्यातली गुंतवणूक होती. शेतकऱ्याला मात्र उलटा दावा लावायचा, चुकीचा हिशोब तपासून घ्यायचा, तर तीच फी म्हणजे भिंत. १७९५ साली जी चाळणी लावली ती अशी चालली. ज्यांना अडवायचं होतं ते आत, आणि ज्यांना आत घ्यायला हवं होतं ते बाहेर.

त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता मूळ व्यवहार तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, गावपातळीवर मुन्सफ आणि समेट घडवणारे नेमावेत, अशा त्यात तरतुदी होत्या. न्यायमूर्ती रानडे पुढे याच कायद्याखाली काम बघत होते. त्याच्या थोडं आधी पुण्यात सार्वजनिक काकांनी लवाद कोर्टाचा प्रयोग केला होता, सरकारी कोर्टाच्या खर्चातून लोकांना वाचवायला. आणि महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात कोर्टकचेऱ्यांत कारकून-वकिलांच्या हाती सापडलेला शेतकरी आहेच. रानडे आणि फुले यांचं अनेक बाबतीत पटायचं नाही, पण कोर्ट गरिबाला परवडत नाही हे दोघांनाही दिसत होतं.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न पुन्हा वर आला. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या लॉ कमिशनने १९५८ साली चौदावा अहवाल दिला. त्यात आमच्या लीडच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. न्याय देणं हे राज्याचं मूळ कामच आहे, त्यासाठी तत्त्वतः फी घेणंच बरोबर नाही. घ्यायचीच तर दिवाणी कोर्टांच्या खर्चापेक्षा जास्त घेऊ नका, त्यावर नफा कमावू नका. आणि न्यायाधीशांचे पगार? ते सगळ्या करदात्यांच्या पैशातून व्हावेत, पक्षकारांच्या फीतून नव्हे.

१९७३ मध्ये मद्रास सरकार विरुद्ध झेनिथ लॅम्प या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्ट फी ही फी आहे, कर नाही. म्हणजे जमा होणारी रक्कम आणि दिवाणी न्यायाचा खर्च यांचा साधारण तरी मेळ असला पाहिजे. पक्षकारांच्या पैशातून रस्ते बांधता येणार नाहीत. पुढे १९८८ मध्ये कर्नाटक, राजस्थान आणि महाराष्ट्रातली प्रकरणं एकत्र आली. कोर्टाने कमाल मर्यादा नसलेली टक्केवारीची फी घटनाबाह्य ठरवली नाही, पण नाराजी व्यक्त केली, सरकारांना फेरविचार करायला सांगितलं, आणि चक्क मेकॉलेचं ते टिपण उद्धृत केलं. दीडशे वर्षांनी! महाराष्ट्राच्या बाबतीत तर दाव्यांना तेव्हा १५,००० रुपयांची मर्यादा होती आणि मृत्युपत्राच्या प्रोबेटला मर्यादाच नव्हती. तो भेदभाव मात्र टिकला नाही.

आता कुणी म्हणेल, ही सगळी जुनी पुराणं झाली, हल्लीचं बोल. तर हल्लीचं उदाहरण इंग्लंडचं. तिथे २०१३ च्या जुलैपर्यंत नोकरीविषयक ट्रायब्युनलमध्ये दावा लावायला फी नव्हती. मग सरकारने लावली. साध्या दाव्याला सुनावणी धरून ३९० पाउंड, नोकरीवरून चुकीने काढलं किंवा भेदभाव केला अशा दाव्याला १,२०० पाउंड. हेतू काय? खर्चाचा बोजा वापरणाऱ्यांवर टाकायचा आणि फालतू दावे कमी करायचे. ओळखीचं वाटतंय ना?

दावे साधारण दोन तृतीयांशाने घसरले. पण फालतू दावे गाळले गेले असते तर उरलेल्यांत जिंकणाऱ्यांचं प्रमाण वाढायला हवं होतं. ते उलट कमी झालं. खर्चाचा तिसरा हिस्सा फीतून निघेल असा अंदाज होता, तोही कधी गाठला नाही, कारण दावेच आले नाहीत. शेवटी युनिसन या कामगार संघटनेच्या खटल्यात २६ जुलै २०१७ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ही फी बेकायदा ठरवली आणि सरकारला घेतलेले पैसे परत करावे लागले.

त्या निकालात न्यायमूर्ती रीड यांनी मांडलेला एक मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोर्ट 'वापरणारा' नक्की कोण? फक्त दावा लावणारा? १९२८ साली स्कॉटलंडमध्ये पेझली गावी मे डोनह्यू नावाच्या बाईंनी जिंजर बिअर प्यायली आणि बाटलीत गोगलगाय होती अशी तक्रार केली. हा खटला १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला आणि त्यातून उत्पादक आपल्या मालाबद्दल ग्राहकाला जबाबदार असतो हे तत्त्व पक्कं झालं. आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही हा खटला शिकवतात. आणि या बाईंनी लॉर्ड्सपुढे लढताना आपण निर्धन असल्याचा दाखला दिला होता. त्याशिवाय त्यांना तिथवर जाताच आलं नसतं. आता सांगा, आपण आज सीलबंद बाटली निर्धास्तपणे तोंडाला लावतो, त्याचं बिल एकट्या त्या बाईंनी का भरायचं?

माझ्या लीडच्या उपमेत चूक आहे ती इथे. सर्व्हरचा खर्च वापरणाऱ्याकडून घेता येतो कारण फायदा त्यालाच होतो. कोर्टाचा फायदा कोर्टाची पायरी कधीच न चढलेल्यांनाही होतो. बिल्डर करार पाळतो, कंपनी पगार देते, घरमालक डिपॉझिट परत करतो, कारण नाही केलं तर हा माणूस कोर्टात जाईल ही भीती असते. ती भीती खोटी ठरली की काय होतं ते माझ्या रूममेटने पाहिलंय. ६०,००० रुपयांचं डिपॉझिट घरमालकाने बुडवलं. वकिलाने हिशोब मांडून दाखवला, फी त्यात किरकोळच होती. पण वकील, तारखा, प्रत्येक तारखेला एक सुट्टी. त्याने सोडून दिलं. आणि घरमालकाने पुढच्या भाडेकरूकडून जास्त डिपॉझिट घेतलं. 'दक्ष' या संस्थेने २०१६ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली होती, त्यात दिवाणी पक्षकाराला एका तारखेला सरासरी ४९७ रुपये खर्च येतो आणि वर ८४४ रुपयांची कमाई बुडते असं आढळलं. म्हणजे टोल दाराशी एकदाच नाही, आत प्रत्येक वळणावर आहे.

बरं, 'उरलेल्यातून गरिबांना वकील' या भागाचं काय? हा प्रयोगही झालेला आहे. टेक्सासने १९९७ साली दिवाणी दाव्यांच्या फीवर छोटा अधिभार लावला, तो गरिबांच्या दिवाणी कायदेशीर मदतीला जातो. आपल्याकडे केरळच्या कोर्ट फी कायद्यात 'लीगल बेनिफिट फंड' आहे, त्यासाठी जादा कोर्ट फी घेतात, आणि ती लोकांना कायद्याची मदत आणि वकिलांची सामाजिक सुरक्षा यांसाठी असते. या पद्धतीचा एक गुण म्हणजे पैसा कुठे जातो ते ठरलेलं असतं. एरवी कोर्ट फी राज्याच्या एकत्रित निधीत जाते, आणि फी वाढली म्हणून एक जज्ज जास्त नेमलाच जाईल याची कुणी हमी देत नाही. वाढ आज, आणि कोर्टरूम कधी ते विचारू नका.

पण दोषही आहे. गरिबाला मदत करायला जी फी घेता तीच किंचित कमी गरिबाला बाहेर ठेवते. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये बॉडी विरुद्ध कनेक्टिकट खटल्यात म्हटलं की साधारण ६० डॉलरच्या खर्चापायी कुणाला घटस्फोटापासून अडवता येणार नाही. आणि दोनच वर्षांनी क्रास नावाच्या माणसाला, दिवाळखोरी जाहीर करायला ५० डॉलर भरलेच पाहिजेत, असं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं. म्हणजे दिवाळं निघालंय हे सांगायलाही पैसे हवेत! :)

आपला कायदा कागदावर तरी याहून उदार आहे. १९७६ मध्ये घटनेत ३९अ कलम आलं, मोफत कायदेशीर मदत हे राज्याचं कर्तव्य झालं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ ला लागू झाला. त्याखाली महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता मदत मिळते. लोकअदालतीत समेट झाला तर कोर्ट फी परत मिळते. हे आपल्या घरकाम करणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनला माहीत असतं का, विचारून बघा.

शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेत ३३ वी ऑर्डर आहे. फी भरायची ऐपत नाही हे दाखवलं तर फी न भरता दावा लावता येतो, आणि जिंकल्यावर ती फी वसूल होते. म्हणजे काय झालं? पोस्टपेड! हरकी मागच्या दाराने कायद्यात आहेच, फक्त ती मिळवायला आधी आपली निर्धनता सिद्ध करण्याचा एक छोटा खटला लढावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच. कोट्यवधींच्या व्यापारी दाव्यांत कंपन्यांकडून फी घ्या, माझी काही हरकत नाही. तिला कमाल मर्यादा ठेवा, आणि तो पैसा कोर्ट आणि कायदेशीर मदत यांच्यासाठीच राखून ठेवा. छोट्या दाव्यांना दाराशी काही मागू नका, निकाल लागल्यावर हरणाऱ्याकडून घ्या. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला २०२० च्या नियमांनी फी ठेवली नाही, त्याने काही आभाळ कोसळलेलं नाही. आणि जज्जचे पगार सेटलवाड म्हणाले तसे सगळ्यांच्या करातून होऊ देत. पोलीस चौकीचा खर्च आपण चोरी झालेल्याकडून घेत नाही.

लीडला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग टॅक्स वाढेल त्याचं काय?" वाढेल बहुतेक. थोडा मीही भरेन, थोडा तूही भर. सुप्याच्या बाजारात जळालेल्या कागदांपेक्षा ते स्वस्त पडेल.